विश्लेषण : निवेदन दिले, फोटोही छापून आला, पुढे काय? ‘पाठपुरावा’ हा विषय कॉलेजात शिकवता येईल का?

मध्ये अधिकारी, त्यांच्या हातात कागद, दोन्ही बाजूंना दहा-बारा जण आणि सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे. गोंदिया जिल्ह्यातून डिजिटल डेस्कवर रोज येणाऱ्या फोटोंमध्ये असा एक तरी फोटो असतोच. कधी धान खरेदी केंद्र सुरू करण्याची मागणी असते, कधी बारदान्याची, कधी एसटीच्या फेरीची, कधी वनहक्क दाव्याची. बातमीचा शेवटही ठरलेला असतो : ‘निवेदन देताना अमुक, तमुक व गावकरी उपस्थित होते.’

त्या कागदाचे पुढे काय झाले, याची बातमी मात्र क्वचितच येते. बहुतेक वेळा ते निवेदन देणाऱ्यांनाही सांगता येत नाही. मागणी खोटी नसते, माणसेही प्रामाणिक असतात. पण निर्णय कोण घेतो, कोणत्या नियमाखाली घेतो आणि त्याला कोणता पुरावा लागतो, हे शिकवणारा तास आपल्यापैकी बहुतेकांच्या शिक्षणात कधी आलेलाच नसतो.

हा तास महाविद्यालयात घेता येईल का? नव्या शैक्षणिक धोरणाने त्यासाठी जागा दिली आहे. ती जागा कोणती, त्यात काय शिकवता येईल आणि त्यात धोके कोणते, ते पाहू.

‘सार्वजनिक धोरण’ आणि ‘ॲडव्होकसी’ म्हणजे नेमके काय?

सरकार सामायिक प्रश्नावर काय करायचे ठरवते, त्यासाठी पैसा कुठून आणते आणि अंमलबजावणी कोणाकडे देते, हे सारे मिळून सार्वजनिक धोरण होते. कायदा हा त्याचा एक भाग. नियम, शासन निर्णय म्हणजे जीआर, अर्थसंकल्पातील तरतूद आणि परिपत्रके हे बाकीचे भाग. काही न करण्याचा निर्णय हेसुद्धा धोरणच असते.

एखाद्या प्रश्नावरचे धोरण बदलावे, नवे यावे किंवा आहे ते नीट राबवले जावे यासाठी पुराव्यासह आणि सातत्याने केलेल्या प्रयत्नाला ‘ॲडव्होकसी’ म्हणतात. मराठीत त्याला ‘जनवकिली’ असा शब्द आहे, पण गावात सर्वांना कळणारा शब्द ‘पाठपुरावा’ हाच.

तो इतर काही गोष्टींपासून वेगळा ओळखायला हवा. निवेदन हे पाठपुराव्यातील एक पाऊल आहे. मोर्चा हे दुसरे पाऊल असू शकते. पक्षाचा प्रचार मत मागतो, पाठपुरावा निर्णय मागतो. लॉबिंग बहुधा बंद दाराआड आणि एखाद्या गटाच्या फायद्यासाठी चालते; पाठपुराव्यात मागणी, पुरावा आणि मागणारे सगळे उघड असतात.

लोकप्रशासन तर आधीच शिकवले जाते, मग हे वेगळे कसे?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येतात. राज्यशास्त्र, लोकप्रशासन, समाजकार्य हे विषय तेथे जुनेच आहेत. त्यात विद्यार्थी यंत्रणेचे अवयव शिकतो : जिल्हा परिषद म्हणजे काय, तिच्या समित्या किती, विधिमंडळाची सभागृहे कोणती.

धोरणाच्या अभ्यासक्रमात सुरुवात दुसऱ्या टोकाने होते. आधी एक प्रश्न हातात घ्यायचा आणि त्याचा निर्णय कोणकोणत्या टेबलांवरून जातो ते शोधायचे. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचे तर सुट्या भागांची यादी पाठ करण्याऐवजी मशिन चालू करून ते कुठे अडते ते पाहायचे.

निवेदन अडकते कुठे?

पहिले कारण म्हणजे चुकीचा पत्ता. धानाचेच उदाहरण घ्या. हमीभाव केंद्र सरकार जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. त्यावरचा बोनस, म्हणजे प्रोत्साहन रक्कम, राज्य सरकार ठरवते. प्रत्यक्ष खरेदी पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ या यंत्रणांमार्फत होते. केंद्रावरील वजन, बारदाना, ग्रेडिंग या तक्रारी आणखी खालच्या पातळीवरच्या. आता ‘हमीभाव वाढवा, बोनस द्या, बारदाना पुरवा’ अशा तीन मागण्या एकाच कागदावर लिहून तो तहसीलदारांना दिला, तर त्यातील एकाच मागणीवर तहसील पातळीवरून काही हालचाल होऊ शकते. उरलेल्या दोन मागण्या ‘वरिष्ठांकडे सादर’ होतात.

लोकप्रतिनिधींच्या बाबतीतही हा गोंधळ होतो. आमगाव, सालेकसा आणि देवरी हे तालुके आमगाव विधानसभा मतदारसंघात येतात. जिल्हा गोंदिया असला, तरी हा मतदारसंघ लोकसभेसाठी भंडारा-गोंदियात नसून गडचिरोली-चिमूरमध्ये आहे. देवरीच्या रेंजअभावी बंद पडणाऱ्या मोबाइलचा प्रश्न संसदेत जावा असे वाटत असेल, तर कागद कोणाकडे द्यायचा, याचे उत्तर जिल्ह्याच्या नावावरून मिळत नाही.

दुसरे कारण चुकीचा कायदा. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांत आदिवासी गावे मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे ‘पेसा लागू असताना’ असे वाक्य निवेदनात सहज लिहिले जाते. पण १९९६ चा पेसा कायदा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रालाच लागू होतो. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याचा मोठा भाग त्या क्षेत्रात आहे. गोंदिया जिल्हा त्यात नाही. याउलट २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता मर्यादित नाही. सामूहिक वनहक्काचा दावा गोंदियातील ग्रामसभाही करू शकते आणि अनेक ग्रामसभांनी तो केलाही आहे. एकाच जंगलाविषयीची मागणी, पण एका कायद्याखाली ती पहिल्याच टेबलावर संपते आणि दुसऱ्याखाली ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती अशी पुढे सरकते. उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसेल, तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. मुदत माहीत नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो.

तिसरे कारण म्हणजे आकडा नसणे. ‘अनेक शेतकरी वंचित आहेत’ या वाक्यावर कोणताही अधिकारी टिपणी लिहू शकत नाही. ‘आमच्या गावातील नोंदणी केलेल्या इतक्या शेतकऱ्यांपैकी इतक्यांच्या खात्यात रक्कम आली नाही, यादी सोबत जोडली आहे’ या वाक्यावर त्याला काहीतरी लिहावेच लागते.

पाठपुराव्यातून खरोखर धोरण बनते का?

महाराष्ट्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण रोजगार हमी योजनेचे आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा छोटा प्रयोग झाला. १९७२ मध्ये, दुष्काळाच्या तोंडावर, योजना राज्यभर आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. एका तालुक्यातील प्रयोगापासून देशाच्या कायद्यापर्यंत ४० वर्षे लागली.

या गोष्टीतील शिकवण्यासारखा भाग पैशाचा आहे. तुमच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये ‘प्रोफेशन टॅक्स’ म्हणून कापले जात असतील. १९७५ मध्ये महाराष्ट्रात हा व्यवसाय कर आला, तो रोजगार हमीसाठी निधी उभा करण्याच्या हेतूने. म्हणजे ‘काम द्या’ एवढी मागणी करून गोष्ट थांबली नाही. पैसा कुठून येणार याचेही उत्तर शोधले गेले. मागणीला निधीचा स्रोत जोडला की वित्त विभागाचा पहिलाच आक्षेप कमी होतो.

माहिती अधिकाराचा प्रवासही असाच आहे. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी तर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने वर्षानुवर्षे मसुदे, सभा, आमदारांच्या भेटी असा पाठपुरावा केला. विधिमंडळाने डिसेंबर २०१३ मध्ये कायदा मंजूर केला, तेव्हा तो मागणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर हयात नव्हते. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांची हत्या झाली होती. पाठपुरावा शिकवताना त्याची किंमतही सांगावी लागते.

हे सध्या कुठे शिकवले जाते?

मुख्यतः मोठ्या शहरांत. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासून समाजकार्य आणि धोरणाचे शिक्षण देते. आयआयटी मुंबईत १९८५ मध्ये ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान पर्यायांचे केंद्र, म्हणजे ‘सितारा’, सुरू झाले. तेथे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी गावात जाऊन पाणीपुरवठ्यासारख्या प्रश्नांचा अभ्यास करतात. पुण्यात १९९२ मध्ये ‘नॅशनल सेंटर फॉर ॲडव्होकसी स्टडीज’ ही केवळ या विषयाला वाहिलेली संस्था उभी राहिली. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये आता निवडलेल्या तरुणांना आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रमही करावा लागतो. पण एका तुकडीतील जागा ६०, त्याही संपूर्ण राज्यासाठी.

२०१६ मध्ये राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केले. स्थानिक महाविद्यालयाने जिल्हा प्रशासनाबरोबर बसून आपल्याच जिल्ह्यातील प्रश्नांचा अभ्यास करावा, ही त्यामागची कल्पना. गोंदियासारख्या जिल्ह्यासाठी दिशा तीच उपयोगाची आहे.

एक शाळा मात्र विद्यापीठाशिवाय चालली. गडचिरोलीतील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावात १९८० च्या दशकापासून अभ्यासगट बसत आले आहेत. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे अभ्यासक एकत्र बसून कायदा वाचत, चर्चा करत आणि निर्णय सर्वसहमतीने ग्रामसभेत घेत. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना अडला. पाठपुरावा पुढे चालू राहिला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक पासचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. हक्क मिळाला तो दिवस आणि तो वापरता आला तो दिवस, यांत दीड वर्षाचे अंतर होते. अभ्यासगट होता म्हणून ते अंतर कापता आले.

गोंदियातील महाविद्यालयांत यासाठी जागा कुठे आहे?

राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. त्याच्या पदवी आराखड्यात ‘क्षेत्र प्रकल्प’ आणि ‘समुदाय सहभाग’ असे स्वतंत्र घटक आहेत. असा घटक साधारण २ क्रेडिटचा असतो. क्षेत्रकार्याच्या एका क्रेडिटला ३० तास या हिशेबाने २ क्रेडिट म्हणजे ६० तास.

त्यासाठी नवा विभाग लागत नाही, नव्या पदांची मान्यता लागत नाही. कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेचा विद्यार्थी हे तास करू शकतो. प्रश्न एवढाच की, या ६० तासांत गावात जाऊन झाडे लावायची, बॅनरसमोर उभे राहून फोटो काढायचा आणि अहवाल जोडायचा, की एखाद्या प्रश्नाचा माग काढायचा.

६० तासांत काय शिकवता येईल?

पहिली गोष्ट, जीआर वाचणे. राज्याचे शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत, फुकट उपलब्ध असतात. पण ते मधूनच वाचले जातात. वरचा ‘वाचा’ हा भाग आधीचे कोणते निर्णय यावर परिणाम करतात ते सांगतो. ‘प्रस्तावना’ कारण सांगते. मुख्य भागात पात्रता आणि अटी असतात. ‘लेखाशीर्ष’ सांगते की पैसा अर्थसंकल्पातील कोणत्या खात्यातून येणार. ते नसेल तर घोषणा आहे, पैसा नाही, अशी शंका घ्यायला जागा आहे. आणि शेवटची ‘प्रत’ची यादी सांगते की निर्णय राबवण्याशी कोणकोणती कार्यालये जोडलेली आहेत. बहुतेक जण ही यादी न वाचता फाइल बंद करतात. पाठपुराव्याचा पत्ता मात्र तिथेच असतो.

दुसरी गोष्ट, माहिती मागणे. माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एका विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहायचा असतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिले अपील. ‘योजना का राबवली नाही?’ असे विचारले, तर उत्तर मिळणे कठीण. ‘या योजनेखाली या गावातील मंजूर लाभार्थ्यांच्या यादीची प्रत द्यावी’ असे विचारले, तर कागद मिळतो. १५० शब्दांत नेमके मागणे हा भाषेचाही चांगला सराव आहे.

तिसरी गोष्ट, ग्रामसभा. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. विद्यार्थ्याने निदान एका ग्रामसभेत पूर्ण वेळ बसावे. कोण बोलले, महिला किती होत्या, ठरावाचा मसुदा कोणी सांगितला आणि इतिवृत्तात शेवटी काय लिहिले गेले, याची नोंद घ्यावी. बोललेले आणि लिहिलेले यांतील फरक हाच धडा.

चौथी गोष्ट, विधिमंडळ. हिवाळी अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा ही आमदारांच्या हातातील आयुधे वेगवेगळ्या कामांची आहेत. माहिती हवी असेल तर प्रश्न, तातडीचा मुद्दा असेल तर लक्षवेधी. आमदाराला तीन पानांचे निवेदन देण्यापेक्षा तयार प्रश्नाचा मसुदा आणि एक पान आकडेवारी दिली, तर त्याचेही काम सोपे होते.

आकडे कसे वाचायचे? धानाच्या बोनसचे उदाहरण

२०१९-२० आणि २०२०-२१ मध्ये धानाचा बोनस क्विंटलमागे ७०० रुपये होता, कमाल ५० क्विंटलपर्यंत. २०२२-२३ मध्ये पद्धत बदलली : हेक्टरी १५,००० रुपये, कमाल २ हेक्टर. २०२३-२४ मध्ये ही रक्कम हेक्टरी २०,००० झाली. दोन्ही घोषणा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातच झाल्या. क्विंटलमागच्या पद्धतीत व्यापाऱ्यांचे धान शेतकऱ्यांच्या नावावर खपवले जाते, अशा तक्रारी होत्या. बदल चांगला की वाईट? वर्गात तीन काल्पनिक शेतकरी घेऊन हिशेब मांडता येतो.

पहिल्याकडे एक एकर, म्हणजे सुमारे ०.४ हेक्टर. सिंचन आहे, तो १५ क्विंटल विकतो. जुन्या पद्धतीने त्याला १०,५०० रुपये मिळाले असते, नव्या पद्धतीने ८,०००.

दुसऱ्याकडे ५ एकर, म्हणजे सुमारे २ हेक्टर, आणि ७५ क्विंटल धान. जुन्या पद्धतीत ५० क्विंटलची मर्यादा, म्हणून ३५,०००. नव्या पद्धतीत ४०,०००.

तिसऱ्याकडेही ५ एकर, पण तुडतुड्याने पीक गेले. २५ क्विंटलच हाती आले. जुन्या पद्धतीने १७,५००, नव्या पद्धतीने ४०,०००.

म्हणजे ज्याचे पीक बुडाले त्याला नव्या पद्धतीने सावरले, आणि थोड्या जमिनीत चांगले पीक काढणाऱ्याचे थोडे नुकसान झाले. सीमारेषाही काढता येते : २०,००० भागिले ७००, म्हणजे हेक्टरी साधारण साडेअठ्ठावीस क्विंटल. ५० क्विंटलच्या मर्यादेत असलेल्या आणि त्याहून जास्त उत्पादन घेणाऱ्याला जुनी पद्धत फायद्याची होती.

आता चौथा माणूस वर्गात आणा : बटईने शेती करणारा. घाम त्याचा, पण सातबारा मालकाच्या नावावर. हेक्टरी रक्कम सातबाऱ्यामागे जाते. त्याच्या हाती काय येईल हे मालकाच्या मर्जीवर. त्याच्यासाठी काही मागायचे, तर आधी त्याची नोंद कुठे होईल हे सुचवावे लागेल. इथपर्यंत पोहोचलेला विद्यार्थी ‘बोनस वाढवा’ एवढेच लिहून थांबणार नाही.

पुरावा गोळा करून खरेच काही हलते का?

गोंदियाचे सारस पक्षी हे जवळचे उदाहरण. महाराष्ट्रात सारसांचा मुख्य आधार हाच जिल्हा आहे. येथील ‘सेवा’ संस्था, शेतकरी, स्वयंसेवक आणि वन विभाग यांच्या सहभागातून दरवर्षी सारसांची गणना होते. भल्या पहाटे ठरलेल्या तळ्यांवर आणि बांध्यांत एकाच वेळी माणसे उभी राहतात आणि नोंदी करतात. सारस कमी होत असल्याच्या बातम्यांची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून घेतली आणि सारस संवर्धनासाठी जिल्हा पातळीवर समित्या झाल्या.

न्यायालयात ‘पूर्वी खूप दिसायचे’ हे वाक्य टिकत नाही. वर्षागणिक मोजलेला आकडा टिकतो. पक्षी अजून सुरक्षित झाले, असे म्हणता येणार नाही. पण चर्चेचा पाया मोजणीने घातला, आणि ती करणाऱ्यांत शेतकरी होते.

जंगलाच्या बाबतीतही तेच. २०१३ च्या हंगामापासून गोंदिया-गडचिरोलीतील काही ग्रामसभांनी वनहक्क कायद्याच्या आधारे तेंदूपत्ता स्वतः विकायला सुरुवात केली. त्यासाठी लिलाव, करारनामा, मजुरीचा हिशेब हे सगळे त्यांना शिकावे लागले.

आक्षेप कोणते आणि ते किती खरे?

पहिला आक्षेप : ‘कॉलेजात राजकारण नको.’ भीती निराधार नाही. कोणत्याही पक्षाने हा तास आपला करून घेतला, तर विषय संपेल. त्यावर उपाय मूल्यमापनात आहे. प्रत्येक गटाने आपल्या मागणीच्या विरोधातली टिपणीही लिहायची. बोनस मागणाऱ्यांनी वित्त विभागाच्या अधिकाऱ्याच्या जागी बसून तो का देऊ नये ते मांडायचे. गुण मांडणीला द्यायचे, बाजूला नाही.

दुसरा आक्षेप गावाकडून येतो, आणि तो जास्त गंभीर आहे : ‘पोरं येतात, फॉर्म भरून नेतात, परत फिरकत नाहीत.’ सर्वेक्षणाला कंटाळलेली गावे जिल्ह्यात कमी नाहीत. म्हणून माहिती घेण्याआधी संमती, आधार किंवा बँक खात्याचे क्रमांक न घेणे आणि जे सापडले ते सत्र संपण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवणे, हे तीन नियम पाळलेच पाहिजेत.

तिसरा आक्षेप प्राध्यापकांचा : वेळ आणि माणसे कुठून आणायची? एका प्राध्यापकाने साठ-सत्तर विद्यार्थ्यांचे वेगवेगळे प्रकल्प तपासणे अशक्यच आहे. पण सगळ्या वर्गाने सत्रभर एकच प्रश्न घेतला, तर शक्य आहे. निवृत्त नायब तहसीलदार, ग्रामसेवक, वकील, पत्रकार हे जिल्ह्यातच असतात. त्यांचा एकेक तास पुस्तकाच्या प्रकरणापेक्षा जास्त शिकवून जाईल.

चौथी शंका यशाची : सहा महिन्यांत रस्ता झाला नाही तर? होणार नाहीच. तासगावच्या प्रयोगापासून देशाच्या कायद्यापर्यंत ४० वर्षे गेली. म्हणून गुण निकालाला न देता नोंदवहीला द्यावेत : कोणत्या तारखेला कोणते पत्र, आवक क्रमांक काय, उत्तर काय आले, पुढची पायरी कोणती. पुढच्या वर्षीच्या तुकडीने तीच नोंदवही पुढे चालवायची. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात, महाविद्यालय तिथेच असते. एखाद्या प्रश्नामागे दहा वर्षे लागून राहणे व्यक्तीला कठीण आहे, संस्थेला शक्य आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण सवयीची आहे. समुदाय सहभागाचे ६० तासही फोटोपुरते होऊ शकतात. तेव्हा निवेदनाच्या फोटोत आणि त्यात फरक उरणार नाही. चांगला आराखडा कागदावर आला म्हणजे तो वर्गात आला असे होत नाही. एका महाविद्यालयाने, एका प्रश्नावर, एका सत्रापुरते करून पाहणे हाच त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग.

पुढचे निवेदन देण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. हा निर्णय नेमका कोण घेऊ शकतो : ग्रामपंचायत, जिल्हा, राज्य की केंद्र?
२. कोणता कायदा किंवा जीआर लागू होतो? त्याचा क्रमांक आणि तारीख निवेदनात लिहिली आहे का?
३. एक तरी मोजलेला आकडा आणि त्याची यादी जोडली आहे का?
४. पैसा लागणार असेल, तर तो कुठून येऊ शकतो हे सुचवले आहे का?
५. पोच घेतली का, आवक क्रमांक लिहून घेतला का आणि पुन्हा कोणत्या तारखेला विचारायला जायचे हे ठरले आहे का?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवले असेल, तर फोटो नाही काढला तरी चालेल.